मुदत उलटून गेल्यावर अपील करायचे असल्यास न्यायालय विलंब कशाच्या आधारे माफ करते?

जांबोटीकर (प्रश्न)

हा प्रश्न मी माझ्या आईच्या वतीने विचारत आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आमची वडिलोपार्जित भातशेती आणि त्याला लागून काजूची थोडी जमीन आहे. वडिलांच्या पश्चात चुलत्यांनी वाटणीचा दावा दाखल केला. आईने वकील दिला आणि कैफियतही (दाव्याला लेखी उत्तर) दाखल झाली. परंतु साक्षीपुराव्याचा टप्पा आल्यावर वकिलांकडून निरोप येणे बंद झाले. मी नोकरीनिमित्त गोव्यात असतो आणि आई गावी एकटीच राहते. शेवटी निकाल तिच्या विरुद्ध लागला. आमच्या मते काजूची जमीन वडिलांच्या स्वकमाईची होती, तरीही ती वाटणीत धरली गेली.

निकाल लागल्याचे आम्हाला भातकापणीच्या वेळी चुलतभावाच्या बोलण्यातून कळले. त्यापूर्वीच आई अंगणात पडून तिचे खुब्याचे हाड मोडले होते आणि बेळगावात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. पुढे नक्कल काढली, तर निकालपत्र संपूर्ण कन्नडमध्ये. आईला बोलले तर थोडेफार समजते, वाचता मुळीच येत नाही. अपिलाची मुदत तीस दिवसांची असते असे नव्या वकिलांनी सांगितले, आणि आता जवळपास पाच महिने होऊन गेले आहेत.

माझ्या शंका अशा आहेत. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात की निकाल आम्हाला कळला त्या दिवसापासून? आईचे आजारपण, निकालाची भाषा आणि वकिलांचे दुर्लक्ष यांपैकी कोणते कारण न्यायालय ग्राह्य धरते? आणि विलंबमाफीच्या अर्जाचा निर्णय लागेपर्यंत जमिनीची प्रत्यक्ष वाटणी थांबते का?

दिवाणी वकील, बेळगाव

मुदतीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पक्षकारांचा घोळ इथेच होतो. दिवाणी अपिलाची मुदत हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाच्या) तारखेपासून धावते, आणि हुकूमनाम्यावर तारीख निकालाचीच असते. उच्च न्यायालयात नव्वद दिवस आणि त्याखालील न्यायालयात तीस दिवस, असे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ११६ मध्ये आहे. निकाल कळल्याच्या दिवसाला मोजणीत स्थान नाही. त्याला स्थान आहे ते विलंबाच्या स्पष्टीकरणात. समन्सच नीट न बजावता एकतर्फी, म्हणजे एक बाजू हजर नसताना, हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करण्याच्या अर्जासाठी मात्र माहिती झाल्यापासून तीस दिवस मिळतात. आपल्या आईंनी कैफियत दिलेली असल्यामुळे ती सवलत त्यांना मिळणार नाही.

या कायद्याचे कलम ३ असे आहे की, समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने आपण होऊन मुदतबाह्य अपील फेटाळले पाहिजे. त्याला वाट करून देणारे कलम म्हणजे कलम ५. मुदतीत अपील न करण्यास पुरेसे कारण होते असे अपीलकर्त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर अपील मुदतीनंतरही दाखल करून घेता येते. यात दोन पायऱ्या आहेत. रेवा कोलफील्ड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच म्हटले होते की, पुरेसे कारण सिद्ध झाले म्हणजे माफी हक्काने मिळते असे नाही. त्यानंतरही माफी द्यायची की नाही हा न्यायालयाचा विवेकाधिकार राहतो, आणि तिथे पक्षकाराची तत्परता व प्रामाणिकपणा पाहिला जातो.

पुढच्या साठ वर्षांत यावर इतके निकाल आले आहेत की दोन्ही बाजूंच्या वकिलांना हवा तो निकाल सापडतो. अर्जदाराचा वकील अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणातला १९८७ चा निकाल वाचतो. त्यात म्हटले आहे की, तांत्रिक बाब आणि न्याय समोरासमोर उभे राहिले तर न्यायाला झुकते माप द्यावे, आणि प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा द्यायचा म्हणजे तो अट्टाहासाने मागायचा असा अर्थ नाही. तसे असेल तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा खुलासा का मागू नये, असे न्यायालयानेच तिथे विचारले आहे. समोरचा वकील २०१२ चा लिव्हिंग मीडियाचा निकाल काढतो. त्यात टपाल खात्याला ४२७ दिवसांच्या विलंबाची माफी नाकारली गेली, आणि फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती हे सरकारी कारण यापुढे चालणार नाही असे बजावले गेले. अलीकडचा कल अधिक कडक आहे. आपल्याच कर्नाटक राज्यातल्या गृहनिर्माण मंडळाचा ३,९६६ दिवसांचा विलंब उच्च न्यायालयाने माफ केला होता; सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती माफी रद्द केली.

तरीही किती दिवस झाले यापेक्षा त्या दिवसांचा खुलासा कसा दिला, यालाच महत्त्व आहे. १९९८ च्या एका निकालात ८८३ दिवसांचा विलंब माफ झाला, कारण वकिलाने केलेल्या दिरंगाईचा पक्षकाराने दिलेला खुलासा पटण्यासारखा होता आणि त्यात वेळकाढूपणाचा डाव दिसत नव्हता. उलट पंधरा दिवसांच्या विलंबाचा अर्ज मोघम शपथपत्रापायी फेटाळला गेल्याचीही उदाहरणे मिळतात. पाच महिने म्हणजे हाताबाहेरचा विलंब नव्हे, पण "आजारपणामुळे उशीर झाला" एवढ्या एका ओळीत निभावेल इतका लहानही नाही.

आता आपली तीन कारणे. आजारपण हे सर्वांत भक्कम कारण ठरू शकते, मात्र त्यासाठी एक तारीख कळीची आहे. मुदत संपल्यानंतर उद्भवलेले कारण चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गुजरात सरकारच्या एका अपिलात स्पष्ट केले. म्हणून आई तीस दिवसांच्या आत पडल्या की नंतर, हे आपण आधी रुग्णालयाच्या कागदावरून तपासावे. मुदतीच्या आत पडल्या असतील, तर अर्जाला पाया मिळाला. नंतर पडल्या असतील, तर मुदत आधीच का हुकली याचे वेगळे कारण द्यावे लागेल आणि आजारपण फक्त पुढच्या काळापुरते उपयोगी पडेल.

वकिलांच्या दुर्लक्षाबद्दल न्यायालये पूर्वी बरीच उदार होती. पक्षकाराने वकील दिला, फी दिली, म्हणजे त्याने आपले काम केले. खेड्यातल्या माणसाने वकिलावर पहारा ठेवावा अशी अपेक्षा नाही, हा विचार १९८१ च्याच दुसऱ्या एका निकालात आहे. आज तेवढे पुरत नाही. जुन्या वकिलांवर नुसते खापर फोडणारी शपथपत्रे न्यायाधीश रोज पाहतात, आणि "मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये तारीख दिसत होती, ती का पाहिली नाही?" असा प्रश्न समोरची बाजू हमखास टाकते. त्यामुळे आरोपाऐवजी कागद द्यावा. खालच्या न्यायालयातील ऑर्डर शीटची नक्कल काढा. वकील कोणत्या तारखेपासून गैरहजर राहू लागले, साक्षीचा टप्पा कधी बंद केला, हे त्यात तारीखवार लिहिलेले असते. ते न्यायालयाचेच दप्तर असल्यामुळे त्यावर वाद घालता येत नाही.

भाषेचे कारण एकटे उभे राहत नाही, हे सीमाभागातील मराठी माणसाला कितीही बोचले तरी खरे आहे. आईंना वकील होते, आणि निकाल समजावून सांगणे हे वकिलाचे काम, असे उत्तर लगेच येते. शिवाय आपल्या भागातील न्यायालयांनी हे कारण इतक्या वेळा ऐकले आहे की ते वाचताना न्यायाधीशांच्या कपाळावर आठी उमटते. पण नक्कल हाती पडल्यावर ती कोणाकडे वाचायला दिली, समजून घ्यायला किती दिवस लागले, हे तारखेनिशी सांगितले तर त्या मधल्या दिवसांचा खुलासा म्हणून ते नक्की धरले जाते.

निवृत्त शिरस्तेदार

वकीलसाहेबांनी कायदा नीट मांडला आहे. मी दप्तराच्या बाजूने थोडे सांगतो, कारण माझी नोकरी नकला आणि रोजनाम्यांतच गेली.

नकलेच्या शेवटच्या पानावर, बहुधा पाठीमागे, एक शिक्का असतो आणि त्यात नकलेचा अर्ज कधी केला, फी कधी मागितली, ती कधी भरली, नक्कल कधी तयार झाली आणि कधी नेली अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. पक्षकार निकालाची पाने वाचून काढतो, पण या शिक्क्याकडे त्याचे लक्ष जात नाही. मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस आणि नक्कल मिळवण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीतून वगळला जातो. तो काळ याच शिक्क्यावरून मोजतात. फी मागितल्यावर पक्षकाराने ती भरायला दिवस घालवले किंवा तयार असलेली नक्कल नेली नाही, तर ते दिवस त्याच्या माथी. आणि नकलेचा अर्जच मुदत संपल्यानंतर केला असेल, तर वगळण्यासाठी काही उरतच नाही. तो काळ विलंबातच मोजला जातो आणि त्याचाही खुलासा करावा लागतो. विलंबाचा आकडा काढताना हे सारे धरूनच काढावा. अर्जात एक आकडा आणि कार्यालयाच्या तपासणीत दुसरा निघाला, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि आणखी दिवस जातात.

शपथपत्राबद्दलही सांगतो. जे आईंना स्वतःला माहीत आहे ते आईंनी शपथेवर सांगावे आणि जे आपण केले, म्हणजे नक्कल काढली, नवे वकील पाहिले, ते आपण वेगळ्या शपथपत्रात सांगावे. गोव्यात असणाऱ्या मुलाने आईच्या गावातील घटना स्वतः पाहिल्यासारख्या लिहिल्या, की उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत पंचाईत होते. विलंब मोठा असला आणि समोरच्यांनी हरकत घेतली, तर या अर्जावरही साक्ष नोंदवली जाते याची कल्पना असू द्यावी. शपथपत्र कन्नड किंवा इंग्रजीत तयार होणार असल्यास ते आईंना मराठीत वाचून व समजावून दिल्याचा शेरा शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याकडून त्यावर लिहून घ्या, नाहीतर "यात काय लिहिले आहे?" या प्रश्नावर अर्ज ढासळतो.

निपाणी परिसर

मूळ प्रश्नाला जोडून विचारतो. आमच्या काही एकर जमिनीचे बऱ्याच वर्षांपूर्वी भूसंपादन झाले. त्या वेळी मिळालेला मोबदला आम्ही मान्य केला. त्याच अधिसूचनेतील शेजारच्या शेतकऱ्यांनी वर अपील करून वाढीव रक्कम मिळवली. त्यांच्यातल्या काहींची अपिलेही उशिराच दाखल झाली होती, तरी विलंब माफ झाला. तोच आधार घेऊन आम्हालाही माफी मागता येईल का?

दिवाणी वकील, बेळगाव

निपाणीच्या काकांना उत्तर थोडक्यात देतो, कारण याच प्रश्नावर कर्नाटकातूनच गेलेल्या भूसंपादनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला आहे. त्यात साडेपाच वर्षांचा विलंब होता, आणि आमच्यासारख्याच इतरांना दिलासा मिळाला हा मुख्य युक्तिवाद होता. न्यायालयाने सांगितले की, एखाद्याला चुकीने किंवा उदारपणे लाभ दिला गेला म्हणून तोच लाभ दुसऱ्याला मिळण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ मधून निर्माण होत नाही. ज्याचा विलंब, त्याचे कारण त्यानेच दाखवावे. शेजाऱ्याचा खटला संपेपर्यंत थांबून मग उठणे याला न्यायालये कुंपणावर बसणे समजतात. नंतरच्या एखाद्या निकालाने कायद्याचा अर्थ बदलला म्हणून जुन्या निकालावर अपील करू पाहणाऱ्यांनाही २०२४ मध्ये दिल्लीच्या भूसंपादन प्रकरणांत अशीच निराशा पत्करावी लागली. आपल्याकडे याहून वेगळे, स्वतःचे, तारखेनिशी दाखवता येईल असे कारण असेल तरच वकिलांची गाठ घ्यावी.

जांबोटीकर

दोघांचेही आभार. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड पाहिले. आईला दाखल केले ती तारीख मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची आहे, आणि घरी सोडल्यावरही सहा आठवडे अंथरुणावरून उठू नये असे डॉक्टरांनी त्यात लिहिले आहे. नकलेचा अर्ज मात्र मुदतीनंतरचा आहे. नव्या वकिलांनी तयार केलेल्या कच्च्या शपथपत्राची सात पाने आहेत. त्यांतली पाच काजूची जमीन वडिलांची कशी होती यावर आहेत. वाटणी थांबण्याबाबतचे उत्तर अजून मिळालेले नाही, तेही कृपया सांगावे. अर्ज फेटाळला गेल्यास पुढे काय, हेही समजले तर बरे होईल.

दिवाणी वकील, बेळगाव

डिस्चार्ज कार्डवरची तारीख आपल्या बाजूची आहे. आता शपथपत्र उलटे करा: जमिनीच्या मालकीवर एक परिच्छेद पुरे, बाकीची पाने विलंबाला द्या. विलंबाचा अर्ज ठरवताना मूळ वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे कारण नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले आहे, त्यामुळे ती पाच पाने वाचली जाण्याची शक्यता कमी. त्याऐवजी निकालाची तारीख, आई दाखल झाल्या तो दिवस, घरी आल्या तो दिवस, अंथरुणावरचे आठवडे, चुलतभावाकडून कळले तो दिवस, नकलेचा अर्ज, नक्कल मिळाली तो दिवस, नव्या वकिलांची पहिली भेट आणि अपील दाखल झाले तो दिवस, असा प्रवास सलग लिहा. ज्या ठिकाणी दोन तारखांमध्ये मोठी पोकळी दिसेल तिथेच समोरचे वकील बोट ठेवतील, म्हणून ती पोकळी आपणच आधी ओळखून भरावी. आईंना हिंडता-फिरता येऊ लागल्यापासून अपील दाखल होईपर्यंतचा काळ मला सर्वांत नाजूक वाटतो. माफी देताना समोरच्यांना खर्च देण्याची अट न्यायालय घालू शकते. ती रक्कम दिलेल्या मुदतीत भरा, कारण तिथे चुकलात तर मिळालेली माफी हातची जाते.

आपल्या खटल्यात आणखी एक पेच आहे. वकील गैरहजर राहिल्यामुळे हुकूमनामा एकतर्फी झाला असेल, तर तो त्याच न्यायालयाकडून रद्द करून घेण्याचा मार्गही असतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली. त्या अर्जालाही मुदत आहे आणि तिथेही विलंबमाफी लागेल. पण अपील करून ते एकदा निकाली निघाले, मग ते मुदतीच्या कारणाने का असेना, तर हा मार्ग बंद होतो. फक्त अपील मागे घेतले असल्यास तो उरतो. म्हणून ऑर्डर शीट हाती आल्यावर आधी हे ठरवा की निकाल एकतर्फी आहे की गुणदोषांवर. घाईने अपील टाकून नंतर हा विचार करू नये.

वाटणी थांबण्याबद्दल. मुदतीनंतरचे अपील असेल तर त्यासोबत विलंबमाफीचा अर्ज आणि शपथपत्र द्यावेच लागते, हे संहितेच्या आदेश ४१ नियम ३-अ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने आले. त्याच नियमात असेही आहे की, विलंबाचा निर्णय होऊन अपील ऐकायचे असे न्यायालय ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. म्हणजे अपील दाखल केले की स्टे मिळाला, ही समजूत इथे लागू नाही. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात हिस्से ठरतात. मग अंतिम हुकूमनाम्याचे कामकाज चालते, आणि शेतसारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे व्यवहारात तहसीलदार आणि भूमापकांकडून होते. या कामकाजाची नोटीस आली तर आईंनी हजर राहावे, अपील आणि विलंबाचा अर्ज प्रलंबित असल्याचे लेखी सांगावे. तिथे गैरहजर राहिल्यास नुकसान दुप्पट. प्राथमिक हुकूमनाम्याला अपिलात आव्हान दिले नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरील अपिलात हिश्श्यांचा वाद पुन्हा काढता येत नाही, असे संहितेचे कलम ९७ सांगते. त्यामुळे "पुढे बघू" म्हणण्याची सोय आपल्याला नाही. मधल्या काळात चुलत्यांनी जमीन कोणाला विकली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मुळे घेणारा या वादाच्या निकालाने बांधला जातो. तरीही अपील दाखल झाल्याचे उताऱ्यावर कळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज देऊन पोच घ्यावी. नोंद होवो न होवो, पोच कामाला येते.

विलंबाचा अर्ज फेटाळला गेला तर अपीलही त्याबरोबर फेटाळले जाते, आणि असा आदेश अपिलाचा निकालच समजावा असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले. त्यावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात दुसरे अपील करता येते. आपल्या जिल्ह्यासाठी ते धारवाड पीठाकडे जाते; २००८ मध्ये ते फिरते पीठ म्हणून सुरू झाले आणि २०१३ पासून कायम आहे, म्हणजे पूर्वीच्या लोकांसारखे बेंगळुरू गाठण्याची वेळ येत नाही. मात्र धारवाडला प्रश्न मर्यादित राहील: खालच्या न्यायालयाने विवेकाधिकार वापरताना कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा चुकवला का, एवढाच. डिस्चार्ज कार्ड, ऑर्डर शीट आणि नकलेचा शिक्का हे कागद पहिल्याच न्यायालयात दाखल झाले पाहिजेत. वर गेल्यावर नवे कागद दाखल करून घेणे फार कठीण असते.

निवृत्त शिरस्तेदार

खर्चाची अडचण असल्यास एक गोष्ट. १९८७ च्या कायदेविषयक सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. खानापूरला तालुका समितीकडे किंवा बेळगावला जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्जाची तारीख लिहिलेली पोच घ्या आणि तीही विलंबाच्या शपथपत्राला जोडा.